कानटोपीचे कान

७ ऑक्टोबर

मावशी गं,

तर मी कुठे होते? हां, गाढव. मागच्या पत्रात कागद संपला आणि गाढव अर्धवट राहिलं. पोशाखघर सांभाळणाऱ्या टाचणीकाकांचं म्हणणं आहे की नाटकातल्या गाढवाचे कान सशासारखे ताठ नकोत, किंचित बाजूला पडलेले हवेत. “आत्ताच कुणीतरी ओरडलंय, असे.” मी म्हटलं, काका, तसे कान मला रोज आरशात दिसतात. अख्खं पोशाखघर हसलं! काका नाही हसले. त्यांच्या तोंडात टाचण्या असतात ना, हसले तर गिळतील.

तुझं पहिलं खोकं पोचलं. मावशी, काय टोप्या विणल्यास गं! इतक्या एकसारख्या! इस्त्रीवाल्या बाईंनी एक हातात घेतली आणि सोडेचनात. मी सगळ्यांना सांगत सुटले की माझ्या मावशीच्या हातच्या आहेत, मशीनच्या नाहीत, नीट बघा. आता त्या टोप्यांवर मी कान विणतेय. वेगळे विणून वरून शिवत नाही हं. टोपीतूनच टाके उचलायचे आणि तिथूनच कान वाढवायचा, म्हणजे तो डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. मांजर झालं, दोन उंदीर झाले. सशाला आतून गुलाबी अस्तर लावणार आहे. मला झोपेतसुद्धा कान दिसतात.

पण एक प्रॉब्लेम आहे. कानाला आत एक खळगा येतो, बरोबर? तो पुढे, चेहऱ्याच्या बाजूला हवा. टाके एका टोकाकडून उचलले तर खळगा पुढे येतो, दुसऱ्या टोकाकडून उचलले तर मागे जातो. आणि मजा म्हणजे कान होत आला की मगच कळतं. तोपर्यंत दोन्ही बाजू सेम दिसतात. आणि माझं डावं-उजवं तुला माहीतच आहे. काहीतरी सोपी युक्ती सांग ना, डावं आणि उजवं हे शब्द न वापरता!

अजून टोप्या लागतील. लोकर या खोक्यात घातली आहे, मापं मागच्या पानावर आहेत. नाटक डिसेंबरमध्ये आहे. त्यानंतर आम्हा दोघी शिकाऊ मुलींपैकी एकीलाच काका कायमची ठेवणार. एक मी, एक बटणवाली. तिला विणता येत नाही, पण बटणं अशी लावते की कपडा फाटेल, बटण निघणार नाही. मावशी, मला ही जागा हवी आहे. इतकी कुठलीच गोष्ट मला कधी हवीशी वाटली नव्हती.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोन केला की आई तुझ्याच सोफ्यावर बसलेली असते. एका बिल्डिंगमध्ये राहण्याचे तोटे! मी कॉलेज सोडलं तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, पण माझं बोलणं ऐकायला तिला चालतं. त्यापेक्षा खोक्यातली पत्रंच बरी. ही फक्त आपली दोघींची.

तुझी,
भिंगरी


१४ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र वाचताना दम लागतो. जरा मध्ये श्वास घेत जा, आणि एखादा पूर्णविरामही दे. उद्गारचिन्हं काय फुकट मिळतात का तिकडे?

लोकर मिळाली. करड्या रंगाची जरा चरचरीत आहे, पण गाढवाला चालेल. तुझ्या काकांना सांग की मावशी म्हणते, ओरडा खाल्लेले कान विणायला ओरडा खाल्लेली मुलगीच लागते.

आता युक्ती. डाव्या-उजव्यावर तुझा भरवसा नाही, माझा तर मुळीच नाही. टॅक्सीवाल्याला “उजवीकडे, उजवीकडे” करत आम्हाला सगळ्यांना कुणाच्या तरी गॅरेजात नेऊन उभं केलं होतंस, ते मी विसरलेले नाही. म्हणून ते शब्दच नकोत. टोपी टेबलावर ठेव आणि वरून बघ. शेंड्याला टाके कमी करत आणले की माणसाच्या डोक्यावर असतो तसा भोवरा तयार होतो. तो भोवरा जिकडे फिरतो, तिकडेच फिरत जाऊन टाके उचल. दोन्ही कानांना तेच. कानाचं तोंड आपोआप पुढे येईल. बाकी डोकं चालवू नकोस. भोवरा सांगेल तसं कर.

पुढची टोपी सुईवर घातली आहे. संध्याकाळी बाल्कनीत बसते विणत. तुझी आई येते, बघत उभी राहते. काल विचारलं तिने, “एवढ्या टोप्या कुणासाठी?” मी म्हटलं, प्राण्यांसाठी. त्यावर तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मला हसू आवरेना.

जेवत जा वेळेवर.

मावशी


५ नोव्हेंबर

मावशी,

दुसरं खोकं मिळालं. थँक यू थँक यू! पण तुझं पत्र नव्हतं त्यात, नुसत्या टोप्या. रागावलीस का? की माझ्या उद्गारचिन्हांचा कंटाळा आला?

एक विचित्र प्रकार चाललाय, आणि मला भीती वाटायला लागली आहे. कान उलटे येतायत! सगळे नाही, काही. कोल्ह्याचे एकदम मस्त आले. मग अस्वल केलं, तर दोन्ही कान मागे बघतायत, जसं काही मागून कुणी हाक मारली. उसवलं. परत केलं, अगदी तू सांगितलंस तसंच, भोवऱ्यावर बोट ठेवून. परत मागे! मग मी मुद्दाम नियमाच्या उलट केलं, तर बरोबर आलं. म्हटलं, चला, मला नियम उलटा समजला होता. तसाच उलट नियम पुढच्या टोपीला लावला, तर तिचे मागे! मग वाटलं, आधीचा कोल्हासुद्धा नुसत्या नशिबाने बरोबर आला असणार.

पहिल्या खोक्यातल्या उरलेल्या टोप्या आणि तुझ्या नवीन टोप्या मी एकाच पिशवीत ठेवल्यात. हाताला येईल ती काढते आणि सुरू करते. काही लॉजिकच लागत नाही गं. बटणवाली म्हणाली, “तू विणताना बोलतेस ना, म्हणून होत असेल.” मी न बोलता विणून बघितलं. अख्खी दुपार. तरी उलटा!

दहा वेळा उसवून लोकर पिंजायला लागली आहे. सशाचा कान तर आजारी दिसतो.

तूच सांग, कुठे चुकतंय? टोप्यांत तू काही वेगळं केलंस का? म्हणजे केलं असलं तरी चालेल, मला फक्त कळायला हवं.

अजून एक. हे फक्त तुला. काल बटणवालीची आई तिला भेटायला आली होती. तिने तिचं सगळं काम बघितलं, एकेक बटण ओढून बघितलं, आणि म्हणाली, “घट्ट आहेत हो.” एवढंच. आणि मला एकदम रडू आलं, मी बाथरूममध्ये जाऊन बसले. मीही आईची मूलगीच आहे ना, पण तिने माझं काम कधी हातात तरी धरलंय का? तिला लोकरीतलं काय कळतं? स्वतःच्या हाताला काही येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या हातांना नावं ठेवते. खरं सांगू? कधीकधी वाटतं, पत्ता चुकला माझा. तुझ्या घरी यायचं होतं, एक मजला खाली उतरले.

हे वाचून फाडून टाक.

भिंगरी


११ नोव्हेंबर

भिंगरी,

बरी आहे मी. हात जरा अवघडलाय म्हणून मागच्या वेळी लिहिलं नाही.

टोप्यांमध्ये काय वेगळं असणार? टोप्या त्या टोप्याच. तुझं डावं-उजवं परत डोकं वर काढतंय, दुसरं काही नाही. लहानपणी बूट उलटे घालून शाळेत जायचीस आणि वर म्हणायचीस की पायच चुकीचे आहेत. तसंच हे. दमली असशील, घाईत असशील, होतं असं.

भोवऱ्याचा नाद सोड आता. असं कर, टोपी स्वतःच्या डोक्यावर घाल, आरशासमोर बस, आणि बघून बघून टाके उचल. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घे प्रत्येक वेळी.

बाकी सगळं ठीक. अजून टोप्या झाल्या की पाठवते.

आईबद्दल असं लिहू नये गं.

मावशी


२४ नोव्हेंबर

मावशी,

रंगीत तालीम झाली. नीट लिहायचा प्रयत्न करते.

तू सांगितलंस तसं आरशात बघून केलं. मावशी, आरशात तर सगळंच उलटं दिसतं. एकाच टोपीला एक कान पुढे आणि एक मागे यायला लागला. आणि माझा माझ्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला होता ना, त्यामुळे ज्या बरोबर होत्या त्याही मी परत उसवल्या. हो, कोल्हासुद्धा. मला वाटलं, तो बरोबर दिसतोय म्हणजे नक्की चुकलाय. इतकी वेडी झाले होते मी.

तालमीला अस्वलाला कान नव्हते. मांजरीला होते. सशांचे पिंजलेले होते. आणि गाढव, ज्याची सगळ्यात जास्त वाक्यं आहेत, ते एका कानाने स्टेजवर आलं. मुलं इतकी हसली की पुढचं वाक्यच कुणाला बोलता येईना. गाढव झालेला मुलगा रडत आत आला. त्याने टोपी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “ताई, तू म्हणाली होतीस दोन देणार.”

काकांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. एकेक करून. मग विचारलं, काय झालं. मी खरं तेच सांगितलं. म्हणजे मला खरं वाटत होतं ते. म्हटलं, काका, टोप्यांचा दोष नाही, टोप्या माझ्या मावशीच्या हातच्या आहेत. माझंच डावं-उजवं लहानपणापासून चुकतं. सगळ्यांसमोर सांगितलं. तुझ्या टोप्यांवर कुणी बोट ठेवू नये म्हणून मी स्वतःकडे बोट केलं.

काका म्हणाले, “जिला डावं-उजवं कळत नाही, तिच्या हातात मी कात्री कशी देऊ?”

आता मी इस्त्रीला आहे. कान बटणवालीकडे गेले. ती जाड कापडाचे कापते आणि गोंदाने चिकटवते. गोंदाने, मावशी! आपल्या टोप्यांवर! दुपारपर्यंत सगळे झालेसुद्धा. लांबून बरे दिसतात. हेच सगळ्यात वाईट आहे, की लांबून बरे दिसतात.

तू काहीतरी लिही. काहीही लिही.

भिंगरी


२ डिसेंबर

मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. आता मलाच तुला काही विचारायचंय, आणि मी उद्गारचिन्ह देणार नाहीये.

काल इस्त्रीच्या टेबलावर दोन टोप्या वाफ द्यायला ठेवल्या होत्या. पातेल्यांवर पालथ्या घालून, म्हणजे आकार नीट बसतो. एक पहिल्या खोक्यातली, एक दुसऱ्यातली, लोकरीवरून कळतं. मी वरून बघत होते. नुसती बघत होते, काही विचार न करता. एकीचा भोवरा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता. दुसरीचा त्याच्या विरुद्ध.

मी पिशवी रिकामी केली. सगळ्या टोप्या ओळीने मांडल्या. बटणवाली विचारत होती, काय करतेस, काय करतेस. पहिल्या खोक्यातल्या सगळ्या एकीकडे फिरतात. दुसऱ्या खोक्यातली एकूणएक उलटी फिरते. मध्ये एकही अपवाद नाही.

माझं काहीही चुकत नव्हतं.

भोवरा उलटा असेल तर तुझा नियम पाळून कान मागेच जाणार. मी नियम बरोबर पाळत होते. प्रत्येक वेळी. तरी तू मला लिहिलंस की माझेच बूट उलटे आहेत.

एक माणूस अचानक उलट्या दिशेने विणायला लागत नाही. दुसऱ्या खोक्यातल्या टोप्या तुझ्या नाहीत. कुणाच्या आहेत?

आणि तुला हे माहीत होतं का, ते पण सांग. मी तुला विचारलं होतं, काही वेगळं केलंस का, चालेल, मला फक्त कळायला हवं. इतकं सोपं करून विचारलं होतं.

भिंगरी


९ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

बसले आहे लिहायला. तिसरा कागद आहे हा.

तुला ते भोवऱ्याचं पत्र टाकून आले आणि त्याच दिवशी मी जिन्यात घसरले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं. उजव्या हाताने लिहिता येत होतं, पण एका हाताने विणता कुठे येतं? सुईवरची टोपी अर्धवट, बाकी तुझी लोकर तशीच पडली होती आणि तुझी तारीख जवळ येत होती. तुला कळवलं असतं तर तू सगळं टाकून इकडे धावत आली असतीस, म्हणून नाही कळवलं. त्याबद्दल मला काही वाटत नाही. अजूनही तसंच केलं असतं.

पण पुढचं ऐक. तुझी आई आली, तिने माझी अर्धवट टोपी उसवली, लोकरीची पिशवी उचलली आणि म्हणाली, “मापं कुठे आहेत?” मी म्हटलं, तुला येतं तरी का आता? तर म्हणाली, “तुला काय करायचंय? आणि तिला सांगशील तर बघ.”

हो. तुझ्या आईने विणल्या त्या टोप्या.

तुला माहीत नाही, कारण तू जन्मायच्या आधीच तिने सुया बाजूला ठेवल्या होत्या. आम्ही लहान असताना मी आमच्या आजीशेजारी बसून शिकले. हिला मी शेजारी बसू द्यायचे नाही, कोपर लागतं म्हणून भांडायचे. मग ही समोर बसायची, जमिनीवर, आणि माझे हात बघून बघून करायची. समोरून शिकली, त्यामुळे माझ्या उजव्याचं तिचं डावं झालं. तशीच विणते. नाहीतर सगळं उजव्या हाताने करते, हे एक सोडून. लोक हसायला लागले, म्हणून तिने बंद केलं.

तू “कान मागे जातायत” असं लिहिलंस आणि मला तिथल्या तिथे कळलं. लगेच. भोवरा उलटा फिरला असणार, हे कळायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पण तिला मी शब्द दिला होता. आणि ती इतक्या वर्षांनी सुया घेऊन बसली होती गं, समोर बसून विणत होती, आणि मला वाटलं, आता हिला परत कसं सांगू की तुझं उलटं आहे? म्हणून तुझं डावं-उजवं पुढे केलं. ते हाताशी होतं. तुला सवय आहे चिडवून घ्यायची, असं वाटलं. आरशाचं सांगितलं ते तरी जमेल असं खरंच वाटलं होतं. तुझी जागा जाईल असं स्वप्नातही नव्हतं.

आणखी एक आहे. ते न सांगता हे पत्र टाकणार होते, पण तुला आज ना उद्या कळेलच. मापं तुझ्या पत्रात मागच्या पानावर असायची. पहिल्यांदा मी तिला फक्त ते पान दाखवलं. मग ती पत्र स्वतःच उघडायला लागली. पोस्टमनकडून तीच खोकं घेऊन वर यायची. पाच नोव्हेंबरचं पत्र माझ्याआधी तिने वाचलं. दारातच, उभ्या उभ्या. मग घडी घालून मला दिलं, आणि बसून टोपी पुरी केली.

मला वाईट वाटतंय असं लिहिलं तर तू म्हणशील, आता काय उपयोग. म्हणून नाही लिहीत.

मावशी

ता. क. तिची चिठ्ठी सोबत आहे. काय लिहिलंय ते मला वाचू दिलं नाही. बघ म्हणजे, मला वाचू देत नाही!


(त्याच पाकिटात)

तुझ्या मावशीचा हात गळ्यात बांधलेला होता आणि तू लोकर पाठवत होतीस. कुणीतरी विणायलाच हवं होतं. मी विणलं.

पत्र मी वाचलं. मापं त्यातच होती, न वाचता कशी कळणार? पुढच्या वेळी मापं वेगळ्या कागदावर लिहीत जा.

भोवरा उलटा होतो हे मला माहीत नव्हतं. हिला माहीत होतं. तिने मला पण सांगितलं नाही. मी समजत होते की टोप्या चांगल्या झाल्यात.

कॉलेजबद्दल माझं मत आहे तेच आहे. हात चालतात म्हणून डोकं बंद ठेवायचं नसतं.

एक मजला खाली उतरलीस असं लिहिलं आहेस. मी तिथेच राहते. दार तू ओढून घेऊन गेलीस.

“मूलगी” नाही, मुलगी. पहिला उकार. इतकं शिकवून तुझं मराठी हे असं.

आई


१९ डिसेंबर

मावशी,

नाटक सुरू आहे. छान चाललंय म्हणे. मी आतच असते, इस्त्रीपाशी. तिथून फक्त टाळ्या ऐकू येतात.

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप मागे गेला. रडले नाही. मला वाटलं होतं मी रडेन. त्याऐवजी मला मोजत बसावंसं वाटलं की कोण कोण खोटं बोललं. मग लक्षात आलं, खोटं न बोललेली एकटी आईच आहे. तिने फक्त लपवलं. खोटं तू बोललीस. जिच्या भरवशावर मी आईवर रागावत होते, ती.

मावशी, टोप्यांचं मी समजू शकते. हाड मोडलं, लपवलंस, ठीक आहे. पण तू माझं डावं-उजवं वापरलंस. ती आपली गंमत होती. तू ती हसत हसत सांगायचीस म्हणून मला ती कधी लागली नाही. आता मला रस्ता ओलांडताना हात बघावा लागतो. खरंच. तीन आठवडे मी स्वतःच्या हातांना घाबरत होते, आणि तुला माहीत होतं की हात बरोबर आहेत.

आणि पत्र. “फाडून टाक” असं मी लिहिलं होतं. तू फाडायच्या आधी तिने वाचलं, पण त्यानंतर तू मला सांगू शकली असतीस ना? त्यानंतरही मी तुला लिहीतच होते. माझी प्रत्येक ओळ आधी दारात उभी राहून कुणीतरी वाचणार, आणि मला वाटणार की मी तुझ्याशी बोलतेय. ती मजल्याची ओळ तुझ्यासाठी होती. मी ती आईला कधीच म्हटली नसती. म्हणजे मनात आलं तरी म्हटली नसती. ती आता तिच्याकडे आहे, आणि मला परत मागता येत नाही.

सगळ्यात चमत्कारिक काय सांगू? ती ओळ वाचून तिने टोपी पुरी केली, हे वाचलं आणि मी पिशवीतून दुसऱ्या खोक्यातली एक काढून बघत बसले. ती टोपी नंतरची, इथे आलीच नाही, तरी तिचा हात कुठे अडखळलेला दिसतोय का म्हणून. काही दिसलं नाही. सगळे टाके सारखे आहेत. तुझ्यापेक्षाही सारखे.

मग मी काकांकडे गेले. म्हटलं, खरं सांगावं, निदान माझी जागा तरी वाचेल. ते पडद्याची किनार टाचत होते. मी दोन्ही टोप्या पुढे ठेवल्या.

“काका, माझं डावं-उजवं चुकलेलं नव्हतं. टोप्या दोन हातांच्या होत्या. बघा, भोवरे उलटे आहेत.”

त्यांनी बघितलं. टाचण्यांमधून म्हणाले, “हं. एक मावशी. दुसरा हात कुणाचा?”

मी दुसरी टोपी त्यांच्याकडे सरकवली. मग म्हटलं, “माझ्या आईचा.”

त्यांनी टाचण्या काढल्या. “आणि तू रोज या भोवऱ्यावर बोट ठेवून बसत होतीस?”

“हो.”

“तुझ्या स्वतःच्या आईचा हात. बोटाखाली. आणि ओळखला नाहीस?”

मी म्हटलं, काका, मी तिला कधी विणताना बघितलेलंच नाही. ते म्हणाले, “मग तर अजूनच. मला डाव्या-उजव्याचं एवढं नाही गं. आज चुकलं, उद्या शिकशील. पण दोन माणसांचं काम समोर असून जिला एकाचंच वाटतं, तिला मी पोशाखघरात कशी ठेवू? इथे दुसरं काय असतं?”

बटणवालीला ठेवलं. तिने मला पेढे आणून दिले आणि स्वतःच रडली. मी नाटक संपेपर्यंत आहे. नंतर कुठे, माहीत नाही. घरी येणार नाही, इतकं नक्की. निदान आत्ता तरी नाही.

खरं सांगून जागा गेली, मावशी. खोटं सांगितलं होतं तेव्हा निदान इस्त्री तरी मिळाली होती.

शेवटच्या प्रयोगानंतर टोप्या कुणालाच नको असतात, त्या टाकून देणार होते. मी दुसऱ्या खोक्यातल्या मागून घेतल्या आहेत. गोंद कोमट पाण्याने निघतो, लोकरीला फारसं काही होत नाही. त्यांचे कान मी परत विणणार आहे. कुणासाठी नाही. भोवरा कुठे फिरतो ते आता मला माहीत आहे, आणि ते कुणी सांगावं लागलं नाही.

हे पत्र आईला वाचायला दे. या वेळी मीच सांगतेय. “मूलगी” आहे का तेही तपासू दे तिला. पण उत्तर तिला लिहायला लावू नकोस, आणि तिला विचारून तूही लिहू नकोस. मला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि या वेळी मला वाईट वाटेल म्हणून काही झाकू नकोस.

काका म्हणतात ते माझ्या डोक्यातून जात नाही. जो हात माझ्यापासून सगळ्यांनी मिळून लपवला, तो मी ओळखायला हवा होता का? तुला काय वाटतं?

भिंगरी